पंचवीस भोकांची चाळणी

चाळीस मुलींचे इंग्रजीचे पेपर मी कुकरच्या तीन शिट्ट्यांत तपासून संपवत असे. पहिल्या शिट्टीला पंधरा, दुसरीला तीस, आणि तिसऱ्या शिट्टीला गठ्ठ्याला नाडी बांधून मी गॅस बंद करायला उठलेली. हे मी त्या काळी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत असे. परवा दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "आजी, तुमच्या शिक्षकी आयुष्यातलं काहीतरी लिहा," तेव्हा आधी या शिट्ट्याच आठवल्या आणि एकटीच हसत बसले. पेपर तपासले होते, खोटं नाही. वाचले मात्र नव्हते.

सिल्वासाला मी लग्न होऊन आले. आमचे हे तिथे सरकारी कचेरीत कारकून होते आणि मी चिपळूणची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. ऐंशीच्या दशकातलं सिल्वासा म्हणजे एक बाजार, एक बस स्टँड, चारदोन कचेऱ्या आणि आजूबाजूला दर महिन्याला उगवणारे नवे कारखाने. तिथे इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई सापडली म्हटल्यावर मराठी शाळेच्या हेडसरांनी मला चहा प्यायला बोलावलं आणि कप रिकामा व्हायच्या आत नेमून टाकलं. गावात मी सगळ्यांची बेन झाले, भाजीवाल्याची बेन, पोस्टमनची बेन. मुलींची तेवढी बाई राहिले.

त्या वेळची मी कशी होते, ते सांगते. नायलॉनची साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ, खांद्याला पर्स, आणि जगातल्या सगळ्या अडचणी क्रियापदाचा काळ चुकल्यामुळे येतात असा ठाम समज. माझ्या वर्गात एक मुलगी घरी वारली बोलणारी, शेजारची खानदेशातून आलेली, तिच्या पलीकडची आईशी मराठी आणि वडिलांच्या गिऱ्हाइकांशी गुजराती बोलणारी. 'मी गेली', 'मी गयी', 'मी गेलू' असं सगळं एका बाकावर नांदायचं. आणि त्या बाकासमोर मी 'गो, वेंट, गॉन' घेऊन उभी.

रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न तयार करणं ही एक कारागिरी आहे, हे बाहेरच्यांना पटत नाही. त्यांना वाटतं, एक वाक्य लिहायचं, मधला शब्द पुसायचा, झालं. तसं नसतं. पुसलेल्या शब्दाच्या जागी चार शब्द ठेवायचे असतात. त्यातला एक बरोबर, आणि बाकीचे तीन त्याचे चुलतभाऊ. चेहरा तोच, स्वभाव वेगळा. चुलतभाऊ अगदीच परके वाटले तर मुली डोळे मिटून बरोबर शब्द उचलतात, आणि फार सख्खे झाले तर दोन उत्तरं बरोबर येतात. ज्या प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर, तो प्रश्न चुकला, आणि चूक बाईंची, मुलीची नव्हे. शिवाय वाक्यात एक खुंटी ठोकावी लागते, म्हणजे 'येस्टरडे', 'एव्हरी डे', 'नाऊ' असा एखादा शब्द. तो पाहून काळ ओळखायचा. आमच्या मुली 'येस्टरडे' दिसलं रे दिसलं की भूतकाळावर अशी झडप घालत, जशी कोंबडी दाण्यावर.

आता तपासणीकडे येते. सुरुवातीला मी इमानेइतबारे एकेक वाक्य वाचत असे. चाळीस मुली, पंचवीस वाक्यं, आणि असे तीन वर्ग. वाक्यं वाचून वाचून शुक्रवारपर्यंत माझंच 'ही गोज'चं 'ही गो' व्हायला लागलं. मग मला ती कल्पना सुचली.

प्रश्न एका कागदावर द्यायचे आणि उत्तरांसाठी वेगळा कागद. त्यावर पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीत अ, ब, क, ड अशी चार घरं. मुलीने पसंतीच्या घरात फुली मारायची. मी शेजारच्या मसाट गावातल्या सुताच्या कारखान्यातून आलेल्या खोक्याचा एक जाडजूड पुठ्ठा उत्तरपत्रिकेच्या मापाने कापला आणि बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडून घ्यायला बस स्टँडजवळ कानजीकाकांकडे गेले. ते चपला शिवत. पट्ट्याला भोकं पाडायचा पंच त्यांच्याकडे होता.

पंचवीस खुणा पाहून त्यांनी चष्मा वर केला. "बेन, आटला बधा काणां? चाळणी बनाववी छे?"

"हा काका, चाळणीच. मुली चाळायची."

बोलले काय, पुढे खरंच तेच करत होते. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकांतून दिसणाऱ्या फुल्या मोजायच्या, आकडा लिहायचा. तीन शिट्ट्या.

इथपर्यंतसुद्धा ठीक होतं हो. पण पुढच्या चाचणीला नवे प्रश्न म्हणजे नवी चाळणी. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा माप, पुन्हा कानजीकाका. माझ्यातल्या आळशी बाईने त्यावर असा तोडगा काढला की त्या वेळी मला तो प्रतिभेचा झटका वाटला. प्रश्न नवे करायचे, पण उत्तरं जुन्या भोकांतच पडतील अशी मांडायची. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ब, दुसऱ्याचं अ, तिसऱ्याचं ड. वाक्यं बदलतील, चाळणी तीच. एक चाळणी पाच वर्षं पुरली.

पाच वर्षांत माझ्या मुलींचं इंग्रजी जे सुधारलं म्हणता! पहिल्या वर्षी पंचवीसपैकी दहाबारा पडत. दुसऱ्या वर्षी अठरा. तिसऱ्या वर्षापासून चोवीस-पंचवीस सर्रास. हेडसरांनी मला शिक्षकांच्या सभेत उभं केलं आणि रहस्य विचारलं. मी घसा साफ करून सांगितलं, "सर, मी मुलींना क्रियापदावर प्रेम करायला शिकवते." हे वाक्य मी खरोखर बोलले. आजही कपाळावर हात जातो.

आता गाण्याचं सांगते. मधल्या सुट्टीत मुली मैदानावर दोरीवरच्या उड्या मारत आणि म्हणत:

*बबूताई, आज डब्यात काय?*
*काकडी, बटाटा, आमटी, डाळ.*
*अजून काय? बोर, बिस्किट...*

असं ते लांबत जाई, एकेक पदार्थ येई, आणि शेवटी "बस्स!" म्हणून सगळ्याजणी धपकन खाली बसत. चाल इतकी झकास की मीसुद्धा भाजी चिरताना गुणगुणायची. मला वाटलं, हे इकडचं लोकगीत असणार. मी ते स्नेहसंमेलनात बसवलं! दोरीसकट, फेर धरून, मी स्वतः पेटीवर. कचेरीतले मोठे साहेब पहिल्या रांगेत मान डोलवत होते. खेरडीची जमना, सगळ्यांची म्होरकी, मधोमध गात होती आणि तिचा चेहरा हसू दाबून लालबुंद झाला होता. मी समजले, कलेत तल्लीन झालीय.

त्या फेरात दोरीचं एक टोक आशाने धरलं होतं.

आशा आठवीत मध्येच आली. तिचे वडील रघुनाथभाऊ धुळ्याकडचे, मसाटच्या एका कारखान्यात लागले आणि बायको-मुलीला घेऊन तिथल्याच चाळीत राहायला आले. मुलगी हडकुळी, शांत, आणि वाचताना ओठ हलवणारी. पेपर द्यायला सगळ्यांत शेवटची. बाकीच्या मुली दहा मिनिटांत फुल्या मारून खिडकीबाहेर बघत असत, ही वाक्याखाली बोट ठेवून बसलेली. आणि गुण? तेरा, पंधरा, बारा. सगळ्या वर्गात खाली.

नववीच्या सहामाहीत तिला चौदा पडले. दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"बाई, हा सतरावा बघाल? मला वाटतं माझं बरोबर आहे."

मी काय केलं असेल? वाक्य वाचलं? छे. पुठ्ठा उचलला, तिच्या कागदावर ठेवला, सतराव्या भोकातून डोकावले. फुली दिसली नाही.

"चूक आहे, आशा. नीट अभ्यास कर."

"बरं बाई," म्हणून ती जागेवर गेली.

त्याच आठवड्यात रघुनाथभाऊ शाळेत आले. कारखान्याचा निळा शर्ट, खिशाला पेन, हातात टोपी. व्हरांड्यात उभे राहूनच बोलले.

"मॅडम, मी अडाणी मानूस. माले इंग्रजी काय समजस? तुमीच सांगा. मसाटले पॅकिंगमा जागा शे. सुपरवायझर म्हने, पोरगीले आनतो तर आन, नैतर दुसरी लावतो. पोरगी शिक्षनात पुढं जानार असंल तर मी नाय म्हनतो त्याले. नसंल तर मंग उगा कशाला?"

"हे बघा रघुनाथभाऊ," मी घड्याळ फिरवत म्हटलं, "वर्गात सगळ्यांना चोवीस-पंचवीस पडतात. हिला चौदा."

"म्हंजे सगळ्यांच्या मागं?"

"हो."

त्यांनी टोपी घातली. "बरं झालं, सरळ सांगितलं," म्हणाले आणि गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर आशा शाळेत आली नाही. मी हजेरीत दोन आठवडे 'गैरहजर' लिहिलं, तिसऱ्या आठवड्यात नावावर रेघ मारली आणि पुढच्या नावाकडे गेले. वाईट वाटलं का? वाटलं, पण खोटं कशाला बोलू, बसच्या रांगेत कुणाचा पाय चुकून तुडवल्यावर वाटतं, तेवढंच.

जानेवारीत माझ्या चाळणीला वाळवी लागली. चौदाव्या आणि पंधराव्या भोकाचं मिळून एकच खिंडार झालं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी नवा पुठ्ठा घेऊन कानजीकाकांकडे गेले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यांना पेन्सिलीच्या खुणा दिसेनात. ते म्हणाले, "तमे बोलो बेन, हुं मारुं."

मी जुनी चाळणी हातात धरून एकेक सांगू लागले. "पहिली ओळ, ब." ठक्. "अ." ठक्. "ड." ठक्. "क." ठक्. पंचचा ठेका धरला गेला आणि मलाही लय सापडली. "क, ब, अ, ड..." ठक्, ठक्, ठक्, ठक्. आणि पुढचं अक्षर सांगायच्या आधी माझ्या तोंडातून चक्क चालीवर बाहेर पडलं, "अजून काय?"

कानजीकाकांचा हात हवेत थांबला. "बेन, गीत केम गावा लाग्या?"

मी मनात गाण्याच्या सुरुवातीला गेले. बबूताई, ब. आज, अ. डब्यात, ड. काय, क. काकडी, बटाटा, आमटी, डाळ. क, ब, अ, ड. पुढची ओळ चाळणीशी लावून बघितली, मग तिच्या पुढची. पंचवीस भोकं, पंचवीस शब्द, शेवटचं 'बस्स'सुद्धा ब. माझी अख्खी उत्तरपत्रिका इतकी वर्षं मैदानावर दोरीवर उड्या मारत होती, आणि तिला मी पेटीची साथ दिली होती. मोठ्या साहेबांसमोर.

"आगळ मारुं?" काकांनी पुढच्या ओळीवर पंच टेकवून विचारलं.

"नको काका. राहू द्या." तो आठ भोकांचा पुठ्ठा तसाच घेऊन मी घरी निघाले.

खरं सांगते, रस्त्यात मला आधी हसूच आलं. अथालच्या रस्त्याला वळेपर्यंत मी पदर तोंडाला लावून हसत होते. मग दुधाच्या दुकानासमोर पाय थांबले. चाळीस मुलींना गाणं पाठ होतं. मग चौदा कुणाला पडले होते? गाणं न लिहिणारीला. म्हणजे वर्गात एकच मुलगी प्रश्न वाचत होती, आणि तिचं मी काय केलं?

घरी जाऊन शाळेचे गठ्ठे उपसले. आशाची सहामाहीची उत्तरपत्रिका काढली, प्रश्नपत्रिका शेजारी ठेवली आणि पुठ्ठा न घेता एकेक वाक्य वाचलं. कित्येक वर्षांनी मी माझेच प्रश्न वाचत होते. उत्तर ठरावीक भोकात बसवायच्या नादात मी तीन ठिकाणी बरोबर शब्द शेजारच्या घरात टाकून मोकळी झाले होते. भोकातून चक्क चूक उत्तर दिसत होतं. आणखी पाच प्रश्न असे की दोन उत्तरं बरोबर आणि भोक एकालाच. त्यात तो सतरावा होता. 'वडील घरी आले तेव्हा आई...' आणि पुढे 'कुक्ड' की 'वॉज कुकिंग'? माझं भोक 'कुक्ड'वर. आशाची फुली 'वॉज कुकिंग'वर. आता वडील आल्यावर आईने चूल पेटवली की आधीच पेटलेली होती, हे त्या वाक्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. खुंटी ठोकायला मीच विसरले होते.

आशाचे खरे गुण झाले बावीस.

आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पाच वर्षांत तुझ्याकडे एकच मुलगी इंग्रजी शिकली."

"हो."

"आणि ती तू पॅकिंगला पाठवलीस."

रविवारी सकाळी टेंपोत बसून मी मसाटला गेले. मांडीवर जुनी चाळणी आणि आशाची उत्तरपत्रिका. चाळीत विचारत विचारत त्यांची खोली सापडली. रघुनाथभाऊ दारात सायकलची साखळी लावत होते. आशा आत वहीच्या आकाराची खोक्याची झाकणं एकावर एक रचत होती. तिच्या बोटांवर चिकटपट्टीच्या गोंदाचे काळे पट्टे होते, आणि दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. मला पाहून ती उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

मी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. "रघुनाथभाऊ, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आशा मागे नाही. उद्यापासून तिला शाळेत पाठवा."

रघुनाथभाऊंनी साखळीच्या तेलाचे हात पुसले. "मॅडम, पोरगी तीच. मॅडम त्याच. अडीच महिन्यांत बदललं काय?"

प्रश्न रास्त होता. मी चाळणी त्यांच्या हातात दिली. ती कशी वापरायची ते दाखवलं, भोकं चुकीच्या जागी कशी होती ते सांगितलं, गाण्याचंही सांगितलं. एकदा जीभ सैल सुटल्यावर मी काही मागे ठेवलं नाही. आशाच्या आईने पदराआड हसून घेतलं. रघुनाथभाऊ हसले नाहीत. पुठ्ठा उजेडाला धरून त्यांनी एकेका भोकावरून अंगठा फिरवला.

"हे तं गेज शे," ते म्हणाले.

"काय?"

"गेज, मॅडम. माप बघायचं. आमच्याकडे माल गेजमधून काढतात. बसला तं पास, नाही बसला तं रिजेक्ट." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गेज चुकलं तं चांगला माल भंगारात जास. तव्हा कोनी मालाले शिव्या देत नही."

मला खुर्ची कुणी दिली नव्हती आणि मी मागितली नाही.

"आशा," मी म्हटलं, "गाणं तुला येत नव्हतं का गं?"

"येत होतं की बाई. दोरी मीच धरायचे."

"मग पेपरात का नाही लिहिलंस?"

ती जरा गोंधळली, मी काहीतरी वेडगळ विचारल्यासारखी. "गाणं दोरीसाठी होतं ना? पेपरात वाक्यं होती. वाचली की दुसरंच बरोबर वाटायचं."

"मग मला विचारायचं नाही का?"

"विचारलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पुठ्ठा ठेवून बघितलंत."

वर्गात मी कित्येकदा मुलींना अंगठे धरून उभं केलं होतं. त्या खोलीत कुणी मला तसं उभं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

रघुनाथभाऊंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिच्या कामाने घराला हातभार लागला होता, सुपरवायझरला शब्द दिला होता, हे त्यांनी न बोलता कळत होतं. "हा पुठ्ठा राहू द्या आज इथंच," एवढंच म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."

परतीच्या टेंपोत मी रिकाम्या हातांनी बसले होते आणि मला त्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं.

सोमवारी प्रार्थना झाली. आशा नव्हती. हजेरी घेतली, तिच्या नावावरच्या रेघेपाशी पेन थांबलं. पहिला तास निम्मा झाला आणि व्हरांड्यात सायकलची घंटी वाजली. मागच्या कॅरिअरवर आशा, दप्तर पोटाशी धरून. पुढच्या दांड्याला माझी चाळणी बांधलेली, आणि ती दोन्ही बाजूंनी लालभडक रंगवलेली. रंग अजून ओला होता.

"मॅडम," रघुनाथभाऊ दारातून म्हणाले, "आमच्याकडे बाद गेज फेकत नहीत. लाल करून भिंतीले टांगतात. चुकून पुन्हा कोनी वापरू नये म्हनून. खिळा शे का?"

खिळा मिळाला. फळ्याच्या वर, घड्याळाच्या शेजारी त्यांनी स्वतः ती ठोकली. मग आशाकडे न बघता सायकलवर टांग टाकून पहिल्या पाळीला निघून गेले, तशीही ती अर्धी बुडालेलीच होती.

चाळीस मुली कधी लाल पुठ्ठ्याकडे, कधी माझ्याकडे.

"गाणं कुणी रचलं?" मी विचारलं.

शेवटी जमना उभी राहिली. "बाई, पहिल्या ओळी आमच्या आधीच्या वर्गाच्या. आम्ही फक्त बिस्किट घातलं."

"आधी तिथे काय होतं?"

"बाजरी."

"आणि उत्तरं मिळाली कुठून? माझं टेबल उघडलंत?"

"नाही बाई, देवाशपथ!" जमनाला हा आरोप फार लागला. "एप्रिलमध्ये उकडायचं तेव्हा तुम्ही त्या पुठ्ठ्यानेच वारा घ्यायच्या. आमच्याकडे तोंड करून. भोकांतून तुमची साडी दिसायची. आम्ही नुसती मोजली."

आता यावर कुणाला रागवायचं? पाच उन्हाळे मी चाळीस मुलींसमोर उत्तरांचा पंखा हलवत उभी होते. मी हसले, मग वर्ग हसला. आशा मात्र हसता हसता थांबली आणि खाली मान घालून बोटाची चिंधी सोडायला लागली. माझं हसू तिथेच संपलं. मी वर्गाला सांगितलं की आशाला सहामाहीत बावीस होते, चौदा नव्हते, आणि चूक माझी होती. असं वाक्य मी वर्गात आधी कधी बोलले नव्हते. बोलायला अवघड गेलं.

जमना पुन्हा उठली. "म्हणजे ती आमच्यामुळे गेली, बाई?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "तुम्ही खाली बसा."

त्याच दिवशी मी फळ्यावर पंचवीस नवी वाक्यं लिहिली. अ, ब, क, ड नाही, फुल्या नाहीत. रिकाम्या जागेत शब्द लिहायचा. मुलींनी वह्यांत डोकी खुपसली. दहा मिनिटांत खिडकीबाहेर बघायला कुणालाच सवड झाली नाही. जमना तर वाक्याखाली बोट ठेवून, ओठ हलवत, आशासारखी वाचत होती.

आशा पुढे दहावी झाली, आणि सगळ्या वर्गाला इंग्रजी कमीजास्त का होईना, आलं. हेडसरांना मात्र माझे आकडे अचानक का घसरले ते कधी समजलं नाही. मी सांगितलंही होतं, पण त्यांना गाण्याचा भाग इतका आवडला की बाकीचं ऐकायच्या आधी ते ती चाल म्हणत ऑफिसात निघून गेले. आशाच्या बोटांवरचे काळे पट्टे मार्चपर्यंत गेले नाहीत. ते अडीच महिने मी तिला कुठल्या भोकातून परत देणार होते?

त्या सोमवारी संध्याकाळी कुकर लावून मी वह्या घेऊन बसले. जमनाला सात पडले. तिच्या शेजारणीला सहा. आशाने वहीत एका ठिकाणी असा शब्द लिहिला होता की मला तो चूक वाटला. पेन उचललं, मग ठेवलं. उठून शब्दकोश काढला, बी.ए.चं जुनं व्याकरण काढलं, पुन्हा वाक्य वाचलं. तीन शिट्ट्या कधीच होऊन गेल्या होत्या.

"अगं, काहीतरी करपतंय!" हे बाहेरच्या खोलीतून ओरडले.

"तुम्ही बंद करा!" मी आतून ओरडले. "मी वाचतेय!"